लिस्बनमधली कामाची जागा : पहाटे साडेपाचला दार उघडतं का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

युरोपातल्या शहरांत राहून ऑनलाइन काम करणाऱ्यांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला, कारण त्यात माझं सध्याचं शहर होतं. लिस्बनच्या को-वर्किंग, म्हणजे भाड्याने टेबल घेऊन बसायच्या सामायिक कामाच्या जागांबद्दल लेखकाने आपुलकीने लिहिलंय. उंच छत, खिडकीतून दिसणारी तेजो नदी, कुंड्यांची रांग, कॉफीचं मशीन, वाय-फायचा वेग, महिन्याचं शुल्क, सगळं त्यात आहे. फक्त दार किती वाजता उघडतं आणि किती वाजता बंद होतं, हे कुठेच नाही. असे साधे प्रश्न आधी न विचारल्याने माझी पहिली निवड फसली. लेख वाचून कुणी इकडे यायची तयारी करत असेल, तर त्याचे पैसे आणि त्याहून मोलाचे महिने वाचावेत म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. परदेशात वाढणारी मराठी घरांतली मुलं माझ्याकडे पडद्यावर येतात. कुणाचं बोलणं उशिरा सुरू झालंय, कुणाच्या टाळूची शस्त्रक्रिया झालीय, कुणी अडखळत बोलतं. निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात आहेत, निम्मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. मुलांचं काम शाळा सुटल्यावरच होतं. सिडनीत दुपारचे साडेचार वाजतात तेव्हा लिस्बनमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेसात असतात आणि हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच. न्यू जर्सीतलं मूल शाळेतून येऊन, खाऊन-पिऊन चार वाजता माझ्यासमोर बसतं तेव्हा इथे रात्रीचे नऊ झालेले असतात. म्हणजे माझं खरं काम दिवसाच्या दोन टोकांना आहे. मधली दुपार अहवाल लिहिण्यात आणि पालकांना उत्तरं देण्यात जाते.

त्यात घड्याळं सरकतात, आणि तीही सगळीकडे एकाच दिवशी नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी वेळ बदलते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, सिडनी एप्रिलच्या पहिल्या रविवारी. त्या तीन-चार आठवड्यांत माझं वेळापत्रक दर रविवारी नव्याने मांडावं लागतं.

मी पाहिलेल्या अकरा जागांपैकी सात जागा सकाळी नऊला उघडून संध्याकाळी सहा किंवा सातला बंद होत होत्या. माझ्या कामाच्या वेळेत त्यांना कुलूप आणि मी अहवाल लिहिणार तेव्हा त्या उघड्या. अहवाल काय, स्वयंपाकघरातल्या टेबलावरही लिहिता येतो. ज्यांचे ग्राहक लंडन-बर्लिनमध्ये आहेत त्यांना नऊ ते सहा चालेल. पण ज्यांचं काम पूर्वेकडच्या किंवा अमेरिकेतल्या माणसांशी आहे त्यांनी आधी घड्याळ समोर ठेवून आपल्या कामाचा सगळ्यात अवघड तास कोणता ते ठरवावं, आणि जागा त्या तासासाठी शोधावी. सोपे तास कुठेही निभावून जातात.

मग घरूनच का करत नाही, असं मला पालकही विचारतात. लिस्बनमधल्या जुन्या घरांत हिवाळा काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही. हे शहर उन्हाचं म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ऊन आहेच. पण बहुतेक घरांत मध्यवर्ती उष्णतेची सोय नसते, खिडक्यांना एकेरी काच, भिंतींना ओल. जानेवारीत पहाटे बाहेर आठ-नऊ अंश असतात, आणि आत स्वेटरवर शाल घेऊनही बोटं आखडतात. मुलाला चित्रांची कार्डं दाखवायची तर हात थरथरून चालत नाहीत. शिवाय माझं घर आरोयुश भागातल्या लाकडी जमिनीच्या इमारतीत आहे. वरच्या मजल्यावरचे आजोबा पाच वाजता उठतात. त्यांची प्रत्येक फेरी माझ्या माइकमध्ये उतरते. त्यात त्यांचा काही दोष नाही, ते त्यांच्या घरात चालतात.

पहिली जागा मी नदीकाठी घेतली, काइश दु सोद्रेच्या जवळ. तिचं नाव लिहीत नाही. जागा सुंदर होती, लोक चांगले होते, आणि माझ्याआधी तिथे बसलेल्या कुणाचीच तक्रार नव्हती, कारण त्यांचं काम वेगळं होतं. रात्री दहापर्यंत उघडी, म्हणून मी लगेच महिन्याचे पैसे भरले. भिंतीवर वाय-फायचा वेग मोठ्या अक्षरांत लिहिला होता : ५०० मेगाबिट.

तिथे जे झालं ते सविस्तर सांगते, कारण हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.

अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या बोलण्यात एक क्षण असा येतो की ओठ मिटतात, गळ्यात जोर येतो आणि आवाज निघतच नाही. आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो. त्या क्षणी समोरच्याने काही करायचं नसतं. थांबायचं. त्याच्याकडे शांतपणे बघत राहायचं. शब्द त्याच्या तोंडात घालायचा नाही, 'सावकाश बोल' म्हणायचं नाही, नजर वळवायची नाही. माझ्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा होता, 'प' वर अडकायचा. चार महिने खपून आम्ही इथपर्यंत आलो होतो की अडकला तरी तो बोलणं सोडून देत नव्हता. एका संध्याकाळी तो 'पतंग' म्हणायला गेला आणि चित्र थबकलं. मला वाटलं, ब्लॉक आहे. मी थांबले, चेहरा शांत ठेवून पडद्याकडे बघत राहिले. पडदा पुन्हा हलला तेव्हा तो म्हणत होता, "मावशी, ऐकलंच नाहीस तू." त्याचं वाक्य केव्हाच बोलून झालं होतं, अगदी न अडकता. आणि ते मी ऐकलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात उलट झालं. चित्र थांबलंय असं समजून मी म्हणाले, "अरे, नेट अडकलं वाटतं." नेट चालू होतं. अडकला होता तो. त्याने मान खाली घातली. त्या दिवशी पुढची पंचवीस मिनिटं तो माना हलवूनच उत्तरं देत राहिला. चार महिन्यांचं काम माझ्या एका वाक्याने मागे गेलं. ते वाक्य मी बोलले, जबाबदारी माझीच. पण मुलाचा शब्द अडकलाय की जोडणी, हे ज्या जागेत बसून कळत नाही, ती जागा माझ्या कामाची नव्हती. ते मला महिन्याचे पैसे भरण्याआधी कळायला हवं होतं.

भिंतीवरचा ५०० चा आकडा खोटा नव्हता. पण तो माहिती खाली उतरवण्याचा वेग होता. व्हिडिओवर बोलताना माझं चित्र आणि आवाज वरच्या दिशेला जातो, तो वेग वेगळा असतो आणि पुष्कळदा कमी असतो. तरी एका माणसाशी चांगल्या चित्रासह बोलायला सेकंदाला दीड-दोन मेगाबिटही पुरतात. मला लागते ती सलगता. माहितीचे तुकडे एकसारख्या अंतराने पोचले नाहीत तर आकडा ५०० असो की ५०००, चेहरा थबकतोच. संध्याकाळी त्या दालनात चाळीस जण एकाच वाय-फायवर व्हिडिओ मीटिंगा करत होते. तेव्हापासून मी जागा पाहायला जाते तेव्हा पहिल्यांदा भिंतीत केबल लावायची सोय आहे का ते बघते. केबल जोडायला देत नसतील तर पुढे बोलत नाही.

वेग मोजणाऱ्या साइटवर माझा आता विश्वास नाही. मी वेगळी परीक्षा घेते. एका मैत्रिणीला व्हिडिओवर बोलावते आणि ती एकपासून तीनशेपर्यंत आकडे मोजते, सावकाश, एका लयीत. मी फक्त ऐकते आणि कुठला आकडा अर्धा आला, कुठे लय तुटली त्याच्या खुणा कागदावर करते. हे अर्थातच माझ्या खऱ्या कामाच्या वेळी करायचं. दुपारी तीनला सगळीच जोडणी गुणी असते. एका दिवसाचा पास मी पाहिलेल्या जागांत पंधरा ते पंचवीस युरोंना मिळत होता. एका चुकलेल्या महिन्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त. ज्यांच्याकडे दिवसाचा पासच नाही, थेट तीन महिन्यांचा करार पुढे करतात, तिथून मी उठून येते.

आता आवाजाचं. लेखात 'जिवंत वातावरण' असे शब्द आहेत. माझ्यासाठी तो धोक्याचा इशारा आहे. स या ध्वनीचा जोर साधारण चार हजार हर्ट्झच्या वर असतो, लहान मुलांच्या आवाजात तर आणखी वर. व्हिडिओच्या ॲपमध्ये आजूबाजूचा गोंगाट पुसणारी जी सोय असते, ती नेमके असे फुसफुसणारे आवाज गोंगाट समजून खाते. मूल 'ससा' म्हणालं की 'थथा' हे मला ऐकायचं असतं, आणि यंत्र मधल्यामध्ये तोच पुरावा पुसून टाकतं. म्हणून ती सोय मी बंद ठेवते. ती बंद केली की खोलीतलं सगळं जसंच्या तसं पलीकडे जातं. तेव्हा खोलीच शांत असावी लागते, दुसरा उपाय नाही.

लिस्बनला स्वतःचे आवाज आहेत, आणि मला ते एरवी आवडतात. फरसबंदी छोट्या चुनखडी दगडांची आहे, तिच्यावरून पर्यटकांच्या चाकांच्या बॅगा जातात तेव्हा पहिल्या मजल्यावर खडखडाट भरतो. शहराच्या मध्यातल्या बायशा आणि शियादू भागांत हे दिवसभर चालू असतं. २८ नंबरची ट्राम मार्तिम मोनीशपासून काम्पु द ओरीकपर्यंत डोंगर चढते-उतरते, आणि वळणावर तिची चाकं रुळाला घासून जी किंचाळी निघते ती थेट 'स'च्या घरात येऊन बसते. आल्कांतारात जुन्या कारखान्यांच्या इमारतींत छान मोकळी दालनं आहेत. पण वरून २५ एप्रिलचा पूल जातो. १९६६ मधला हा झुलता पूल, त्याच्या रस्त्याचा काही भाग लोखंडी जाळीचा आहे, आणि गाड्या तिच्यावरून गेल्या की मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घूं आवाज सतत येत राहतो. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला तो पाच मिनिटांत ऐकू येईनासा होईल. मला येत राहिला.

मग फोनची केबिन वापरा, असं प्रत्येक ठिकाणी सांगतात. दालनाच्या कोपऱ्यात काचेच्या दाराची उभी पेटी असते, त्यात एक माणूस मावतो. तिच्याविषयी चार गोष्टी मी आता बघतेच. दार लावल्यावर हवा कुठून येते? पंखा असेल तर त्याचा आवाज किती? एका वेळी किती मिनिटं बसू देतात? बऱ्याच ठिकाणी अर्ध्या तासाचा नियम असतो, आणि माझं सत्र पंचेचाळीस मिनिटांचं. आणि आतलं बोलणं बाहेर किती जातं? यासाठी २०२० साली आलेलं आयएसओ २३३५१-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पेटीमुळे बोलण्याचा आवाज किती डेसिबलने कमी होतो ते त्यानुसार मोजतात. पेटी चांगल्या कंपनीची असेल तर हा आकडा तिच्या माहितीपत्रकात असतो, विचारलं तर दाखवतात. मी त्यावरही थांबत नाही. मैत्रिणीला आत बसवते, ती 'कमळ, बाळ, फळ, टाळ, माळ' असं नेहमीच्या आवाजात म्हणते, आणि मी बाहेर दोन हातांच्या अंतरावर उभी राहते. शब्द ओळखू आला तर ती पेटी बाद.

ही काळजी चैनीची नाही. मुलाच्या उपचाराची माहिती ही आरोग्याची माहिती आहे. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या, व्यक्तिगत माहिती जपणाऱ्या जीडीपीआर कायद्याच्या नवव्या कलमात तिला विशेष संरक्षण आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आपलं मूल अडखळत बोलतं हे शाळेतही न सांगणारे पालक मला माहीत आहेत. त्यांच्या मुलाचा आवाज अनोळखी दालनात फिरू नये, एवढं तरी माझ्याकडून व्हायलाच हवं. मी हेडफोन लावते, म्हणून मुलाचा आवाज बाहेर जात नाही. पण माझा जातो, आणि मी त्याचं नाव घेऊन बोलत असते. पडद्याच्या दुसऱ्या टोकालाही हेच. माझ्या मागून कुणी कॉफीचा कप घेऊन गेलं की मूल त्याच्याकडे बघतं आणि शब्द निसटतो. पाठीमागे भिंत हवी, काच नको.

तर, शेवटी कुठे बसते? आल्व्हालादमध्ये. १९४० च्या दशकात आखून वसवलेला हा शहराच्या उत्तरेकडचा भाग आहे. चार मजली इमारती आणि मध्ये मागच्या बाजूची सामायिक अंगणं. पर्यटक इकडे फारसे येत नाहीत. एका इमारतीच्या तळमजल्यावर तीन स्थानिक वास्तुविशारदांनी आपल्या कार्यालयाचा अर्धा भाग को-वर्किंगसाठी काढला आहे. नऊ टेबलं, मागच्या अंगणाकडे उघडणारी एक छोटी खोली, आणि मुख्य दाराची किल्ली चोवीस तास आमच्या हातात. खोली तासांवर आगाऊ राखून ठेवता येते, केबल भिंतीत आहे, खिडकीला दुहेरी काच.

दोष इथेही आहे, आणि तो मोठा आहे. लिस्बनचा विमानतळ शहराच्या आतच असल्याने उतरणारी विमानं आल्व्हालाद आणि काम्पु ग्रांदच्या घरांवरून अगदी कमी उंचीवरून जातात. गर्दीच्या तासांत एकामागून एक येतच असतात. दिवसा मला हे चाललं नसतं. पण हिवाळ्यात पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर, मागच्या खोलीत, दुहेरी काच लावून बसलं की निभतं. मी तीन वेगवेगळ्या दिवशी माझ्याच वेळी तिथे बसून हे पाहिलं, मगच हो म्हणाले. वाऱ्याची दिशा बदलली की विमानं दुसऱ्या बाजूने उतरतात, म्हणून एक दिवस पुरला नसता.

आणि आता अंतराचं, ज्याचा मी सुरुवातीला विचारच केला नव्हता. मेट्रो सकाळी साडेसहाला सुरू होते आणि रात्री एकला बंद होते. रात्रीचं काम त्यात बसतं, पण पहाटे साडेपाचच्या सत्राला मेट्रो नाही. किल्ली चोवीस तास असून उपयोग काय, पोचताच येत नसेल तर? म्हणून गेल्या सप्टेंबरात, हिवाळा लागायच्या आधी, मी आरोयुशचं घर सोडून या जागेपासून अकरा मिनिटांच्या चालीवर एक खोली घेतली. आधी घर आणि मग त्याच्या जवळ कामाची जागा असं सगळे करतात. माझ्यासारख्यांनी उलट करावं, असं मी आता सांगते. महिन्याचा मेट्रो-बसचा पास शहरापुरता तीस युरोंचा आहे, तरीही तो मी काढते, कारण दुपारी कांपु पेकेनुच्या वाड्यातल्या महापालिकेच्या वाचनालयात जाऊन अहवाल लिहायला आवडतं. तिथे फुकट बसता येतं. दुपारच्या शांत कामासाठी पैसे मोजायची गरजच नसते, हेही लेखात यायला हवं होतं.

पैशाचं थोडक्यात. इथे को-वर्किंगचे दर बहुधा 'अधिक ईव्हा' असे लिहितात. ईव्हा म्हणजे मूल्यवर्धित कर, २३ टक्के. २१० युरोंचं टेबल हातात येतं तेव्हा २५८ युरो ३० सेंट होतं. तुमचा कर क्रमांक घालून रीतसर पावती मिळेल ना, हे आधी विचारावं. सोडताना किती दिवस आधी सांगायचं, अनामत किती, ऑगस्टमध्ये जागा चालू असते का, हेही. ऑगस्टात अर्धं शहर सुट्टीवर जातं आणि छोट्या जागा पंधरा-पंधरा दिवस बंद राहतात. जूनच्या बारा तारखेची रात्र संत अंतोनियूच्या उत्सवाची. जुन्या आल्फामा भागाच्या गल्ल्यांत पहाटेपर्यंत गाणी आणि भाजल्या जाणाऱ्या सार्डिन माशांचा धूर, त्या भागात जागा घेतली असेल तर तेरा तारखेच्या पहाटेचं सत्र आधीच हलवावं. तेरा जूनला शहराची सुट्टीही असते.

व्हिसाबद्दल लेखात एक ओळ आहे, ती अपुरी वाटली. पोर्तुगालचा दूरस्थ काम करणाऱ्यांसाठीचा व्हिसा ऑक्टोबर २०२२ अखेर सुरू झाला. त्यासाठी देशाच्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ साली किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे ३,४८० युरो. किमान वेतन वाढलं की हा आकडाही वाढतो, जुन्या लेखातला आकडा धरून कुणी बसू नये. आणि राहण्याच्या जागेचा पुरावा को-वर्किंगच्या पत्त्याने भागत नाही.

याच आकड्यात मला सलणारी एक गोष्ट आहे. आम्ही इथे चौपट दाखवून येतो आणि शेजारचा माणूस एकपटीत घर चालवतो. लिस्बनची भाडी कुठे गेलीत हे इथल्या तरुणांना विचारा. १ एप्रिल २०२३ रोजी घरांच्या प्रश्नावर इथल्या रस्त्यांवर मोठा मोर्चा निघाला होता. मी तेव्हा आले नव्हते, पण त्यातली फलकं शेजारच्या टेबलावरच्या बाईने मला फोटोत दाखवली. ती वास्तुविशारद आहे, चाळिशीची, अजून आईवडिलांच्या घरी राहते. ती माझ्यावर रागावलेली नाही, पण तिने जे दाखवलं ते विसरण्यासारखं नाही. फक्त बाहेरून आलेल्यांनी भरलेल्या जागेत मी हे ऐकलंच नसतं. तिथे सगळे जण दर महिन्याला बदलत होते, आणि बोलणं पुढच्या शहराचं चालायचं. इथे दुपारी एक वाजता सगळे आपापला डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम करतात आणि अर्धा तास एका टेबलाशी जेवतात. माझं पोर्तुगीज तिथेच सुधारलं. त्यातले नाकातले स्वर मला तोंडात बसवायला त्यांनी मदत केली, आणि मूल नवा ध्वनी शिकताना किती थकतं ते मला माझ्याच जिभेवर कळलं.

२८ एप्रिल २०२५ चा दिवसही याच टेबलाशी गेला. सकाळी साडेअकराच्या सुमारास जवळजवळ सगळ्या पोर्तुगाल आणि स्पेनची वीज गेली. मेट्रो थांबली, सिग्नल बंद, दुकानांत फक्त रोख पैसे. मोबाइलचं नेटवर्क काही वेळ चाललं, मग टॉवरच्या बॅटऱ्या संपत गेल्या तसं तेही गेलं. जागेच्या राउटरला छोटी बॅटरी होती, ती दोन तास टिकली, पण पलीकडची लाइनच मेली तेव्हा तिचा काही उपयोग नव्हता. त्या दिवशी कुठलीही जागा मला वाचवू शकली नसती, हे मान्यच. पण आईवडिलांकडे राहणाऱ्या त्याच बाईने कुठूनतरी सेलवर चालणारा रेडिओ आणला, आणि बातम्या ऐकून आम्हाला सांगत राहिली. रात्री नऊनंतरची माझी दोन सत्रं बुडाली. वीज आमच्याकडे रात्री उशिरा आली. तेव्हापासून प्रत्येक पालकाकडे माझी एक आधी ठरलेली सूचना आहे : मी दहा मिनिटांत दिसले नाही तर मुलाला सांगा, मावशीकडची वीज गेलीय, तुझं काही चुकलेलं नाही. हे वाक्य मी त्यांच्याकडून मुलासमोर एकदा म्हणवून घेते. को-वर्किंगच्या निवडीत हे कुठे बसतं ते मला सांगता येणार नाही, पण ज्यांच्या पडद्यापलीकडे लहान मूल आहे त्यांनी ते करावं.

संपादक महोदय, आपण ही लेखमाला पुढे चालवणार असाल तर माझी एक विनंती आहे. प्रत्येक शहराच्या लेखाखाली जागांच्या छायाचित्रांबरोबर तीन गोष्टी छापा : दार उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ, किल्ली मिळते का, आणि पहिली मेट्रो किंवा बस किती वाजता. लिस्बनपुरती ही माहिती गोळा करून द्यायला मी तयार आहे. मी पाहिलेल्या अकराही जागांची टिपणं माझ्या वहीत आहेत, कोणती खोली कुठल्या बाजूला उघडते इथपर्यंत.

तो सहा वर्षांचा मुलगा आता सात वर्षांचा आहे. दर बुधवारी रात्री नऊला येतो. परवा त्याने पतंगाची अख्खी गोष्ट सांगितली. तीनदा अडकला, तिन्ही वेळा थांबून पुढे गेला. केबल लावलेली होती, खिडकी बंद होती, आणि तो अडकलाय हे मला तिन्ही वेळा नीट दिसलं.

आपली नम्र,
एक वाचक,
आल्व्हालाद, लिस्बन